पारा नवावर

डिसेंबरातली दुपार. गच्चीवरचे कपडे काढायला गेलो आणि कुंडीतल्या पहिल्या पॅन्सीनं माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे बघितलंच. पिवळा चेहरा, मधोमध काळा डाग, त्यातून फुटलेल्या मांजरासारख्या मिशा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे फूल आहे का रागावलेला मास्तर?"

जळगावात पॅन्सी लावणं हा तसा येडेपणाच. थंड मुलखात ती म्हणे कडाक्याच्या हिमात मान टाकते आणि ऊन आलं की पुन्हा उभी राहते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बी ऑक्टोबरात टाकावं, तर तेव्हाही ऊन चटके देतं आणि हिला उगवायला गारवा हवा, वर अंधारही. शेवटी ट्रे माठाच्या तिवईखाली सरकवला, वर कालचा पेपर झाकला. पुढचे पंधरा दिवस जो तो पाणी प्यायला यायचा आणि पायानं ट्रे ढकलून जायचा. तरी उगवली.

तेव्हापासून मला एकच चाळा. उठल्या उठल्या किमान तापमान बघायचं. १४, १२, ११. पारा उतरला की मी खूश. भरीत, कळण्याची भाकरी, थंडी इथं कोणाला नको असते? असं मी म्हणत होतो खरा. म्हणायला नको होतं, निदान मी तरी.

आप्पांची केळी रावेर तालुक्यात. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडते. अशा रात्री आप्पा बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचे. आम्ही पोरं गोधड्या गुंडाळून तिथंच. आम्हाला ती जत्राच वाटायची. डोळे चुरचुरायचे, राखेत शेंगा भाजायच्या, आणि कोणाची शेंग कोणी खाल्ली यावरून मारामारी. मधूनच आप्पा उठायचे, केळीच्या पानाला तळहात लावायचे, हात धोतराला पुसायचे आणि काही न बोलता आणखी पाला टाकायचे. मोठ्यांपैकी कोणीच बोलायचं नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं.

ते शेत आता चुलतभाऊ बघतो. परवा रात्री साडेबाराला त्याचा फोन.

"तिकडं किती आहे रे भो?"

"नऊ," मी म्हणालो. आवाजात आनंद होता, तो त्याला कळला की नाही कोण जाणे.

"मंग इकडं आणखी खाली असन." मागे काहीतरी तडतडत होतं. "झोप तू."

सकाळी पॅन्सीला सात फुलं होती. वाळकी खुडली की नवी जोमानं येतात, म्हणून दोन खुडली. त्याला फोन करायचा राहिलाच.