बुढा तयारीत होता

कॅनडाच्या गायक-कवी लेनर्ड कोहेनचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ आज वेचणी आटोपल्यावर धुऱ्यावर बसून सलग ऐकला. अल्बम आला २१ ऑक्टोबर २०१६ ला, अन् ७ नोव्हेंबरला ८२ वर्षांचा हा बुढा गेलाही. पाठीच्या दुखण्यानं घराबाहेर पडणं होईना, म्हणून घरीच खुर्चीत बसून गायला. निर्माता त्याचाच पोरगा, अ‍ॅडम. गाणं कमी, बोलणंच जास्त. मरणाची कुरकुर नाही, शहाणपणाचा आवही नाही; देवालाही सुनावतो (हे भारी!). एक इअरफोन आबाजींच्या कानात लावला. त्यांचा जन्म खंजिरी भजनात गेलेला. म्हणाले, “इंग्रजी काई समजलं नाई बाप्पा, पन मानूस तयारीत दिसते. उद्या परत लावजो.”