डावीकडची पुरचुंडी

"पोरी, उचकी थांबली, पर आता खांदा नाचाय लागलाय."

जत तालुक्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी. दीड महिन्यापूर्वी पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश खाली पोचतच नाही, म्हणून त्यांना एका लीडचा पेसमेकर बसवला होता. छातीच्या कातडीखाली डबी आणि तिच्यातून हृदयात जाणारी एक वायर, ती लीड. पेसमेकर तपासणारी तंत्रज्ञ मीच. डावा खांदा खरंच उडत होता, तोही घड्याळ लावल्यासारखा ठेक्यात. मी मनगट धरलं. खांदा मिनिटाला 60 वेळा, नाडी 36. मशीन साठाच्या वेगानं ठोके देतंय, पण ते हृदयापर्यंत पोचत नाहीत, भलत्याच स्नायूला बसतायत, हे प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर तपासायचं यंत्र, सुरू करायच्या आधीच कळलं. पोटात गोळा आला माझ्याच.

कारण पंधरा दिवसांपूर्वी तपासणीला त्या आल्या, तेव्हाही मीच होते. हृदयाचा ठोका पाडायला किमान किती व्होल्ट लागतात, तो थ्रेशोल्ड. बसवताना तो 0.6 होता आणि त्या दिवशी 1.8 निघाला. सुरुवातीच्या काही आठवड्यांत लीडच्या टोकाशी सूज येते, आकडा वर जातो, मग आपोआप खाली बसतो, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा रोध, व्यवस्थित, 600 ओहमच्या आसपास. मी डॉक्टरांना आकडे सांगितले, त्यांच्या संमतीनं आउटपुट, म्हणजे मशीनच्या ठोक्याचा जोर, 3.5 वरून 5 व्होल्ट केलं आणि फाइल मिटली. इम्पीडन्स चांगला म्हणजे वायर तुटलेली नाही, एवढंच. ती जागेवर आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही. पाठ होतं मला. एक्स-रे काढूया, असं मात्र सुचलं नाही. दोनच दिवसांनी आजींना उचक्या लागल्या. घरच्यांनी पाणी पाजलं, साखर दिली. खरं तर सरकत आलेलं टोक तेव्हा श्वासपटलाच्या नसेला धक्के देत असणार.

आता आउटपुट कमाल 7.5 व्होल्टवर नेऊन पाहिलं. पडद्यावर मशीनच्या ठोक्यांच्या नुसत्या उभ्या रेघा, मागे हृदयाचा ठोका नाही, खांद्याचा झटका तेवढा जोरात. झटकन कमी केलं. आजींना स्ट्रेचरवर घेतलं, जांघेतल्या शिरेतून तात्पुरती वायर घातली, नाडी 70 वर आली, मग सगळ्यांनीच श्वास सोडला.

एक्स-रे लावला तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. लीड डबीभोवती बॉबिनवरच्या दोऱ्यासारखी गुंडाळलेली, नि हृदयात रुतवलेलं तिचं टोक गळपट्टीच्या हाडाखाली येऊन थांबलेलं. त्वचेखाली डबी फिरत राहते आणि प्रत्येक वेढ्याला लीड थोडी थोडी वर ओढली जाते. याला ट्विडलर सिंड्रोम म्हणतात. 1968 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली. मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदा.

"आजी, मशीनला हात लावता का?"

"न्हाई गं. कशाला लावू?"

नातू दारात उभा होता. "मॅडम, तिची सवय आहे ती. पैशाची पुरचुंडी कायम चोळीत, डाव्या बाजूला. बसल्या बसल्या चाचपून फिरवत असते. ऑपरेशननंतर पुरचुंडी आईनं काढून ठेवली, पण हात काय थांबतोय? झोपेत पण तिथंच."

डाव्या बाजूला, कातडीखाली, सापडेल अशी गोल टणक वस्तू आम्हीच ठेवून दिली होती. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्यांनी मशीनला हात लावलाच नव्हता.

पुन्हा ऑपरेशन म्हटल्यावर नातू खचला. त्याला मी आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगते. 1958 साली स्टॉकहोममध्ये शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर या माणसाला मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पुढं आयुष्यभरात त्याला एकूण 26 पेसमेकर लागले आणि तो 2001 साली, 86व्या वर्षी गेला. "सव्वीस?" नातू म्हणाला, आणि सहीला पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पीळ पडलेली लीड काढून नवी बसवली. आजींचं मांस सैल, त्यामुळं आतला कप्पाही ऐसपैस झाला होता. तो लहान केला आणि डबी न विरघळणाऱ्या टाक्यानं छातीच्या स्नायूवरच्या पडद्याला बांधून टाकली. सुट्टी देताना सिस्टरनं महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणून बजावलं. आजींना वेगळीच काळजी. "मग पुरचुंडी कुठं ठिवू?"

"कनवटीला, आजी."

महिन्यानं आल्या. थ्रेशोल्ड 0.7. प्रोग्रामर बंद करायच्या आधी, या वेळी, मी विचारलं, "हात जातो का अजून तिथं?"

"जातो की," आजी म्हणाल्या. "पर मेली फिरतच न्हाई आता."