लूपमधला एक कॉल काढताना

आमच्या हवामानाच्या जुन्या फोर्ट्रान कोडमध्ये बाष्पदाब काढणारं एक छोटंसं सबरूटीन (नाव देऊन वेगळा ठेवलेला, हवं तिथे बोलावता येणारा कोडचा तुकडा) आहे. प्रत्येक ग्रिडबिंदूला, प्रत्येक थराला त्याचा कॉल होतो. सबरूटीन वेगळ्या फाइलमध्ये असल्यामुळे कम्पायलरला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) आतलं काहीच दिसत नव्हतं. लूपमध्ये असा कॉल असला की व्हेक्टरायझेशन, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम, होत नाही, आणि जीफोर्ट्रान या आमच्या कम्पायलरचा रिपोर्ट नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवत होता.

आधी एलटीओ वापरून पाहिलं, म्हणजे फाइली जोडताना कम्पायलरला सगळा कोड एकत्र पाहू दिला. कोडचा हा भाग स्टॅटिक लायब्ररीतून जोडला जातो, त्यामुळे लायब्ररी बांधणाऱ्या साध्या ‘एआर’ऐवजी ‘जीसीसी-एआर’ वापरावं लागलं. मग चाललं. पण हाच कोड आम्ही दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या कम्पायलरनेही चालवतो, तिथे ही सोय वेगळी. म्हणून ठरवलं की इनलाइनिंग, म्हणजे कॉलच्या जागी सबरूटीनचा मजकूरच घालणं, सोर्समध्येच करायचं. सर म्हणाले, ‘‘एवढंसं तर आहे, हाताने चिकटव की.’’ पण कॉल अनेक ठिकाणी आहेत आणि सूत्र बदललं की सगळीकडे बदलायचं, हे मला नको होतं.

म्हणून सायक्लोन (PSyclone) हे पायथनमधलं मुक्त साधन घेतलं. ब्रिटनच्या एसटीएफसी या सरकारी विज्ञानसंस्थेत ते वाढलं आणि तिथलं हवामान खातं, मेट ऑफिस, आपल्या नव्या मॉडेलसाठी ते वापरतं. फोर्ट्रान वाचायचं, त्याचं झाड करायचं, झाडावर बदल करायचे आणि पुन्हा फोर्ट्रान लिहायचं, असं त्याचं काम. आमची स्क्रिप्ट जेमतेम पानभर झाली: लूपमधले कॉल शोध, सबरूटीन त्याच मॉड्यूलमध्ये (कोडच्या गटात) आण, मग इनलाइन कर.

आणि ते सरळ नाही म्हणालं. एकदा नव्हे, वेगवेगळ्या कारणांनी. खरं काम इथेच सुरू झालं.

पहिलं कारण: सबरूटीनच्या मधोमध ‘रिटर्न’ होतं. तापमान आधी काढून ठेवलेल्या किमतींच्या तक्त्याच्या बाहेर गेलं की शून्य देऊन बाहेर पडायचं. ते इफ-एल्सने सुटलं. दुसरं जास्त मजेचं. आत ‘फर्स्ट’ नावाचा लॉजिकल (खरं-खोटं ठेवणारा) चल होता, घोषणेतच ‘ट्रू’ केलेला. फोर्ट्रानमध्ये घोषणेत किंमत दिली की चल आपोआप ‘सेव्ह’ होतो, पुढच्या कॉललाही तीच किंमत जपतो. एक्स्पोनेन्शियल महाग पडायचं त्या काळात कुणीतरी पहिल्या कॉलला तक्ता भरून ठेवायची युक्ती केली होती. असा मजकूर ठिकठिकाणी इनलाइन केला तर ‘पहिला कॉल’ नेमका कोणता? साधनाने अडवलं ते योग्यच. तक्ता भरणं वेगळ्या सबरूटीनमध्ये काढून प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच बोलावलं.

तिसरं कारण: दुसऱ्या एका सबरूटीनला टी(१, जे) असा एकच घटक पाठवून आत त्याला पूर्ण स्तंभ समजलं होतं. जुन्या फोर्ट्रानची ही सर्रास चालणारी रीत. तिथे टी(:, जे) लिहिल्यावरच गाडी पुढे सरकली.

नावांची काळजी करावी लागली नाही. आतल्या ‘टीएमपी’ची बाहेरच्या ‘टीएमपी’शी टक्कर झाली की साधन स्वतःच नावाला एक शेपटी लावतं.

तपासणी दोन टप्प्यांत केली. ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद ठेवून जुने-नवे आकडे बिटनबिट जुळले. ते चालू केल्यावर शेवटच्या अंकांत फरक आला, कारण आता सबरूटीनमधला गुणाकार आणि बाहेरची बेरीज कम्पायलर एकाच सूचनेत उरकतो. हा फरक शेवटचे अंक छाटताना होणाऱ्या राउंडिंगचा आहे हे सरांना पटवायला मात्र वेळ गेला, शेवटी महिन्याच्या सरासरीचे नकाशे समोर ठेवले.

लूप आता व्हेक्टराइझ होतो आणि तेवढ्या भागाचा वेळ अर्ध्याखाली आला. पूर्ण मॉडेलचा वेळ फारसा हलला नाही, कारण खरा वेळ प्रारणाचं गणित खातं. तिथली सबरूटीनं शेकडो ओळींची, ती मी इनलाइन करत नाही: कॉलचा खर्च कामाच्या मानाने किरकोळ, आणि कोड फुगून कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावेनासा होईल तो वेगळाच.

तयार झालेल्या फाइलीत आमच्या टिप्पण्या उरत नाहीत, म्हणून ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवत नाही. प्रोग्राम बांधणारी मेकफाइल ती दर वेळी नवी बनवते. सूत्र बदलायचं ते मूळ सबरूटीनमध्येच.