जोडप्याचा हिशेब, एकाच नावावर

ऊसतोडीच्या मजुरीची प्रकरणे माझ्याकडे उन्हाळ्यात येतात, कारण सातपुड्यातील टोळ्या दक्षिण गुजरातेतील गाळप संपल्यावरच परततात. शहाद्यात वकिली करताना मजुरीच्या हिशेबाच्या वह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. मात्र धडगावकडच्या एका पावरा आदिवासी स्त्रीने मोबाइलवर टिपून आणलेली मुकादमाची वही अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तोडणीत मजुरी माणसागणिक धरत नाहीत. जोडपे मिळून एक कोयता होतो. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते, आणि काटापावतीवरचे टन टोळीतील कोयत्यांनी भागून येणारा वाटा पुरुषाच्या नावावर चढतो. या बाईच्या नवऱ्याने लग्नातले द्याज, म्हणजे वधूमूल्य, फेडण्यासाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली होती. हंगामाच्या मध्यावर तो तापाने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला गावी पाठवून तिच्यासोबत दिराला उभे करण्यात आले. वहीत त्या दिवसापासून कोयता दिराच्या नावाने सुरू झाला. आधीची मजुरी नवऱ्याच्या दीडपट धरलेल्या उचलीत वळती झाली, नंतरची दिराच्या उचलीत गेली, आणि नवऱ्याच्या नावावरची बाकी तिच्या घरावर राहिली. पावत्यांच्या तारखा वहीशी ताडून पाहताना मला एकही बेरीज चुकलेली आढळली नाही. ती एवढेच म्हणाली, "वकीलदादा, मोळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच वाहिल्या."

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७९ च्या कायद्यानुसार भरतीच्या वेळी मासिक मजुरीच्या ५० टक्के किंवा ७५ रुपये, यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता परत न करण्याच्या अटीवर द्यावयाचा असे. ज्या माणसाला अर्धा पगार फुकट मिळायला हवा होता, त्याच्याकडून उचलीचे दीडपट वसूल होत होते, आणि या भत्त्याचे कलम आमच्यातल्या किती वकिलांनी वाचले होते, हे न विचारलेलेच बरे.

ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास मूळ मालक जबाबदार ठरतो, म्हणून मी कारखान्याला नोटीस पाठवली. उत्तर आले की, त्यांचा व्यवहार मुकादमाशी असून या नावाची स्त्री त्यांच्या नोंदीत नाही. त्याच कारखान्याच्या कार्यालयातील शिपायाचा पगार मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. दाराशी स्थानिक हळपती आदिवासी भूमिहीन असताना बारडोली परिसरातील कारखान्यांनी तोडणीला खानदेश-डांगातून माणसे का आणली, हे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहे: परक्या मुलखातला, परक्या बोलीचा मजूर हंगामभर मुकादमाच्या मुठीत राहतो.

मुकादमाला खलनायक ठरवणेही सोपे नाही. तो तिच्याच जमातीचा, सासऱ्याचा चुलतभाऊ आहे, आणि टोळीला वाटलेल्या उचलीसाठी कारखान्याला तोही बांधलेला आहे. तडजोडीला तो तयार झाला. अर्धा कोयता तिच्या नावे लिहितो म्हणाला. अडवले सासूने, कारण ती रक्कम दिराच्या वाट्यातून जाणार होती आणि त्याचे द्याज अजून द्यायचे होते. कारखान्यापर्यंत पोहोचायला हवे होते ते भांडण असे एकाच चुलीभोवती मिटवण्यात आले, आणि यात कारखान्याचा एक रुपयाही खर्च झाला नाही.

तिने तरीही मजुरीच्या दाव्याच्या अर्जावर अंगठा दिला. सुनावणी डिसेंबरात लागली आहे. मुकादमाने दिवाळीपूर्वीच नवी उचल वाटली असून ती बाई टोळीसोबत पुन्हा तोडणीला गेली आहे. तिचा फोन दिराजवळ असतो. तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज मी तयार ठेवला आहे, परंतु एप्रिलपर्यंतची मुदत मिळेल असे मला वाटत नाही.