कॅरिअरची खाच

रविवार, रात्र. पारोळा.

आज आप्पांच्या राजदूत मोटरसायकलचं कॅरिअर ड्रममधून बाहेर काढलं. विजेने गंज सोडवायला दोन दिवस आत होतं.

ड्रम म्हणजे ठिबकचं खत विरघळवायला आणलेला 200 लिटरचा निळा. वरून कापला, आत कडेने 12 एमएमच्या चार सळया उभ्या केल्या आणि एकाच तारेने जोडल्या. चारी बाजूंनी अशासाठी, की सळईसमोर जे अंग असतं त्याचाच गंज आधी सुटतो. पाण्यात धुण्याचा सोडा, दर पाच लिटरला मोठा चमचाभर. बॅटरीचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर. लाल चिमटा सळईला, काळा गंजलेल्या भागाला. उलटं झालं तर सळईऐवजी आपलाच भाग झिजतो. ब्रेकचा एक रॉड मी असाच घालवला, फार वाईट वाटलं. आता बटण दाबायच्या आधी काळा चिमटा हाताने चाचपतो.

पहिल्या दिवशी आप्पा जवळ येऊन म्हणाले, "हाई काय उकळी ऱ्हायनं रे?" उकळत नव्हतं, हायड्रोजनचे बुडबुडे होते. म्हणूनच ड्रम उघड्या पडवीत ठेवलाय, चुलीपासून लांब. स्टेनलेसची सळई मात्र कधीच घालू नये, तिच्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. आणि इंजिनचं ॲल्युमिनियमचं केसिंगही नाही, सोड्याचं पाणी त्याला खातं.

गॅरेजवाला म्हणत होता, ग्राइंडर मारू, तासाभरात चकाचक. मी नाही म्हटलं. ग्राइंडर गंजाबरोबर चांगलं लोखंडही नेतो.

बाहेर काढलं तेव्हा कॅरिअरवर काळी मऊ साय होती. तारेच्या ब्रशने ती निघाली आणि दुधाच्या कॅन अडकवायच्या दोन्ही आकड्यांत अंगठ्याला खाच लागली. कडीने घासून घासून पडलेली, गुळगुळीत. डावीकडची जास्त खोल. आप्पांना हात लावून दाखवली. बराच वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, डाव्या अंगाला म्हशीचं असायचं, मोठी कॅन.

उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतं, म्हणून धुऊन, उन्हात तापवून लगेच रेडऑक्साइड मारला. खाचांमध्ये अगदी पातळ हात दिला. पुट्टी भरणार नाही.

ड्रममध्ये आता पुढचं मडगार्ड सोडलंय. लाईट सकाळी सहाला येईल.