रेड हाउस कोन, १:५० : उदबत्तीची चाचणी

रेड हाउस कोन या जुन्या, शंकूच्या आकाराच्या काचभट्टीचं पन्नासपट लहान मॉडेल करतोय. मागच्या वेळी विटांचे फोटो टाकतो म्हणालो होतो, पण विटा झालेल्या नाहीत. ३० मीटर उंचीचा शंकू, म्हणजे विटांचे चारशेच्या आसपास थर, आणि माझ्या मापात एकेक थर जेमतेम दीड मिलिमीटर. खालचे चाळीस पीओपीवर कोरले आणि मान आखडली. वरचे नुसते रंगवणार.

तसंही खरं काम आत आहे. इंग्लंडात स्टूरब्रिजजवळ १७९० च्या सुमारास बांधलेली ही काचभट्टी १९३६ पर्यंत चालली. बाहेरून नुसतं धुराडं दिसतं, पण कारागीर त्या धुराड्याच्या पोटातच, भट्टीभोवती उभे राहून काच फुंकायचे. ते दिसावं म्हणून शंकूचा तिसरा हिस्सा कापून टाकला. ही अक्कल उसनी. १७८३ च्या सुमारास फ्रान्समध्ये मादाम द जाँलिस या शिक्षिकेने ऑर्लेआंच्या ड्यूकच्या मुलांना शिकवायला पेरिए बंधू या यंत्रकारांकडून कारखान्यांची मॉडेलं करून घेतली होती. आज ती पॅरिसच्या आर ए मेतिए संग्रहालयात आहेत. पुढून उघडी, आत हत्यारं जागच्या जागी.

आता हवेचं. ती जमिनीखालच्या बोगद्यातून जाळीवर येते, कोळसा पेटवते, ज्वाळा काच वितळवायच्या कुंड्यांभोवती फिरतात आणि धूर शंकूतून वर जातो. बोगद्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर माझ्याच नाकात. कापलेल्या बाजूला पारदर्शक ओएचपी शीट लावली, तरी तो खालीच घुटमळला. मग ट्यूब पेटली: ओढ भोकाची नसते, उष्णतेची असते. जाळीखाली छोटी पणती ठेवल्याबरोबर धूर सरळ वर खेचला गेला! सनबोर्डाची (फोमच्या पुठ्ठ्याची) जाळी मात्र वितळली. आता पत्र्याची केली आहे, आणि पणती मिनिटभरच, समोर बसून.

कुंड्या एम-सीलच्या, वरून झाकलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला. शिसं घातलेल्या काचेला कोळशाचा धूर लागला तर ती डागाळते, म्हणून हे झाकण. उघड्या कुंड्या केल्या असत्या तर सोपं गेलं असतं, पण मग मॉडेल खोटंच शिकवेल.

फुंकनळीसाठी टाचणी अगदी मापात बसली: तीन सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर. डोक्याला केशरी नेलपॉलिशचा थेंब लावला की तापलेल्या काचेचा गोळा तयार. अशा सहा झाल्या. त्या धरायला साडेतीन सेंटिमीटरचे कारागीर अजून व्हायचेत.