नानांच्या हातचं

आज दुपारपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय आणि ते माझंच आहे. शब्दकोश बघायला दोघं जण आले होते, त्यातल्या एकाने तो हातात घेऊन कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी केलंय हो हे बाइंडिंग?" मी पटकन म्हणाले, "नानांच्या हातचं आहे." माई समोरच बसली होती. काही बोलली नाही. कागदाची घडी घालत होती, घडीवरून हाडाची पट्टी फिरवली आणि पुढचा कागद घेतला.

एवढंच झालं.

ते गेल्यावर कोश कपाटात ठेवताना एकदम लक्षात आलं, अरे हा तर नानांचा हात थरथरायला लागल्यानंतरचा. तेव्हा त्यांना सही धड जमत नव्हती, पुठ्ठा सरळ कापणं तर लांबच. मग कोपऱ्यात कापड इतकं चापून कोणी बसवलं? आणि मी त्याच घरात होते ना तेव्हा! बघितलंय मी तिला. खळ लावलेलं कापड दुमडून चिमटीत धरून ठेवायची आणि नाना शेजारून सांगायचे, अजून जरा, हां, आता सोड. डोळ्यांनी बघूनसुद्धा तोंडात नाव आलं ते नानांचं.

आधीच्या वर्षांत तरी वाटणी स्पष्ट होती, म्हणजे मी तसं समजत होते. फॉर्मे दुमडणं, लावणं, शिवणं हे माईचं. हातोडीने कणा गोल करणं, पुठ्ठा, कापड, वरची सोनेरी अक्षरं हे नानांचं. मोठा कागद तीनदा दुमडला की 16 पानांचा एक फॉर्मा होतो, 1600 पानांच्या कोशाचे झाले 100 फॉर्मे, आणि त्या प्रत्येकाच्या घडीतून सुई आत-बाहेर करत न्यायची, टोकाला आली की खालच्या टाक्यात अडकवून वर घ्यायची. दोरा आधी मेणावरून दोनदा ओढून घ्यायची ती. मला शिकवताना माझा हात धरून दाखवलं होतं, दोरा कण्याच्या दिशेने ओढायचा, आपल्या अंगाकडे ओढलास की घडी फाटलीच म्हणून समज. फार घट्ट झालं तर पुस्तक उघडत नाही, सैल राहिलं तर पानं बाहेर डोकावतात. आणि एवढं सगळं झालं की त्यावर सरस, कापडाची पट्टी, पुठ्ठा. झाकलं गेलं. बघणाऱ्याला दिसणार ती अक्षरं आणि कोपरे.

ईम्स जोडप्याबद्दल मागे वाचलं होतं ते आज सारखं आठवतंय. चार्ल्स आणि रे, अमेरिकेतले फर्निचर डिझायनर नवरा-बायको. 1941 साली लग्न केलं, लॉस एंजेलिसला राहत्या घरात दोघांनी मिळून प्लायवूड वाकवायचं यंत्र बनवलं, त्यात हवा भरायला सायकलचा पंप. पुढे 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या खुर्च्या मांडल्या तर प्रदर्शनाच्या नावात एकटा चार्ल्स. वाचताना केवढी चिडले होते मी, बरोबर राबलेल्या बाईचं नाव असं कसं विसरतात लोक! आज कळलं कसं विसरतात ते. मुद्दाम नाहीच, कोणी विचारलं की सहज. चार्ल्स गेला 21 ऑगस्ट 1978 ला आणि रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. मधली दहा वर्षं ती त्या दोघांच्या कामाची नोंद लावत बसली होती म्हणे. माईपण नानांची हातोडी अजून... जाऊ दे.

पण नानांनी तरी कधी का सांगितलं नाही? लोक त्यांच्याकडे बघून वा वा करायचे तेव्हा ते नुसते हसायचे. ह्यावर आज विचार नको.

संध्याकाळी न राहवून माईला म्हटलं, दुपारी चुकलं गं माझं. म्हणाली, "कशात?" खरंच लक्षात आलं नव्हतं तिच्या, की इतकी वर्षं ऐकून ऐकून आता टोचतच नाही? हे दुसरं असेल तर मला ते जास्त लागतंय. सांगितलं तिला सगळं. ती म्हणाली, "अगं, हात माझे, पण नजर ह्यांचीच होती." मला रडूच यायला लागलं, वाटलं एवढी वर्षं ह्यांच्यात राहून मी काय बघितलं, मला कुणी काही सांगत कसं नाही. ती आपली शांतपणे कागद दुमडतेय. मग मान वर न करता म्हणाली, "अक्षरं मात्र माझी हो. ह्यांची ओळ नेहमी जरा वर चढायची."

कोशावरची ओळ पट्टी ठेवून बघितली. सरळ.

मग कपाटातली बाकीची काढली, कोश धरून सात निघाली घरात राहिलेली. सगळ्यांचे कणे दिव्याखाली धरले. चार पुस्तकांवर ओळ उजवीकडे जाताना चढलीय, अगदी केसभर, पण एकदा दिसली की दिसतच राहते. तीन सरळ. त्यातला एक कोश. उरलेली दोन माझ्या जन्माच्याही आधीची, तेव्हा नानांचा हात अगदी ठणठणीत होता.

माई झोपलीय. पुस्तकं अजून खालीच पसरलेली आहेत, कुठलं कुणाचं ते उद्या तिला विचारून मगच आत ठेवीन.